पिनकोड ४३१००१ चे मूळ अवयव पाडायचे कसे

छत्रपती संभाजीनगरचा ४३१००१ हा पिनकोड तिथल्या बऱ्याच मुलांच्या ओळखीचा. सरावाला यापेक्षा चांगली संख्या शोधूनही सापडायची नाही.

अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भागा: ४७८८९. बरेच जण इथेच ९ ला रामराम ठोकतात आणि चुकतात. भागाकाराचे अंक पुन्हा मिळवा: ३६. परत ९ ने भाग जातो, उरतात ५३२१.

आता ३ चालत नाही. ७ ने बाकी १, ११ ने ८, १३ ने ४. १७ साठी शेवटच्या अंकाची पाचपट उरलेल्यातून वजा करा: ५३२−५=५२७, मग ५२−३५=१७. जमलं! (५१ म्हणजे १७ त्रिक, म्हणून ही युक्ती चालते.) ५३२१÷१७=३१३. १९ चा वर्ग ३६१, म्हणून ३१३ ला १७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी तपासलं की पुरे; एकानेही भाग जात नाही, म्हणजे ती मूळ.

४३१००१ = ३×३×३×३×१७×३१३.

विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात (मूळ अवयव जितक्यांदा येतो ती संख्या; इथे ४, १, १) १ मिळवून गुणा: ५×२×२=२०. १ मिळवायचा राहिला तर उत्तर ४ येतं, आणि ते साफ चूक. सगळ्या विभाजकांची बेरीज (१+३+९+२७+८१)×(१+१७)×(१+३१३), म्हणजे १२१×१८×३१४=६८३८९२. ही ४३१००१ च्या दुपटीहून कमी, अशा संख्येला न्यून म्हणतात.