तवंग किनाऱ्याला लागण्याआधी: कुलाबा किल्ल्यासाठीची तयारी

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजे आदळली, शेकडो टन इंधनतेल समुद्रात सांडले आणि कंटेनरही पाण्यात पडले, ज्यांतल्या काहींत कीटकनाशके होती. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर अशी वेळ आलीच, तर करायच्या गोष्टी पावसाळ्यापूर्वीच ठरलेल्या असाव्यात.

सर्वांत आधी किल्ल्याच्या तटबंदीची आजची स्थिती नोंदवून ठेवावी. या तटाचे मोठे चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचलेले असल्यामुळे सांध्यांतून लाटेचे पाणी आत शिरते आणि लाटेचा जोर तिथेच मोडतो. मात्र त्याच वाटेने तेलही आत मुरते. म्हणून ओहोटीला तटाभोवती फिरून मोजपट्टीसह छायाचित्रे घ्यावीत आणि सुटलेले चिरे, कालवांचा थर, शेवाळाचे जुने डाग वेगवेगळे टिपावेत.

समुद्रावरच्या कामाची सूत्रे तटरक्षक दलाकडे असली, तरी किल्ला केंद्राच्या संरक्षणाखाली आहे आणि त्याभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित, तर पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. त्यामुळे पुरातत्त्व सर्वेक्षणाशी आधीच बोलून, हातातले काम थांबवण्याचा अधिकार असलेला एक जाणकार पथकात नेमून घ्यावा. माझ्या मते यादीतली हीच बाब सर्वांत महत्त्वाची आहे.

साहित्यात शोषक पट्ट्या, सुती चिंध्या, मऊ ब्रश, प्लास्टिकची खोरी आणि झाकणाची पिंपे असावीत. जोराचे गरम पाणी तेलाला सांध्यांत आणखी खोल ढकलते, त्यामुळे तसे पाणी मारणारे यंत्र किनाऱ्यावरच ठेवावे. तारेचा ब्रश, आम्ल आणि रॉकेलही नको (‘रॉकेलने पुसा’ असे सांगणारा कुणीतरी भेटतोच). वाहून आलेल्या बंद डब्याला हात लावू नये, कारण अॅल्युमिनियम फॉस्फाइडसारख्या कीटकनाशकाला ओल लागली की विषारी फॉस्फिन वायू सुटतो.

किल्ल्यात पायी किंवा घोडागाडीने जाता येते ते ओहोटीलाच, आणि ती वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. भरतीआधी माणसे आणि भरलेली पिंपे बाहेर निघतील असे वेळापत्रक आखावे. तेलकट वाळू किल्ल्यात पुरू नये. गणपतीच्या देवळाच्या पुजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे आणि आतल्या गोड्या पाण्याच्या पुष्करणीवर एक माणूस बसवावा, म्हणजे दमलेले कामगार तिथे हातपाय आणि खोरी धुणार नाहीत.