इटालियन पणजोबा शोधायचेत? आधी गाव पकडा

पूर्वजावरून मिळणाऱ्या इटालियन पासपोर्टचं नंतर बघू, पहिलं काम गाव शोधायचं. इटलीत जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी कोमूनेकडे म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे असतात, त्यामुळे "आमचे पणजोबा नेपल्सचे" एवढ्यावर काहीच हलत नाही, कारण बरेचदा बोट फक्त नेपल्सहून सुटलेली असते आणि खरं गाव लांब आत कुठेतरी डोंगरात. ते नाव जहाजाच्या पॅसेंजर लिस्टमध्ये, चर्चच्या लग्नाच्या नोंदीत नाहीतर सैन्यभरतीच्या कागदात सापडू शकतं. आणि हो, एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कला स्थलांतरितांची तपासणी व्हायची त्या बेटावर, अधिकाऱ्यांनी आडनाव बदललं ही गोष्ट डोक्यातून काढून टाका, याद्या निघायच्या बंदरावरच बनायच्या, स्पेलिंग बदललं ते बहुतेक नंतर.

गाव मिळालं की 'अंतेनाती' पोर्टल उघडा, सरकारी अभिलेखागारांचं आहे, फुकट आहे. सगळी गावं त्यावर नाहीत, आहेत त्यातही नाव टाकून शोधणं सगळीकडे चालत नाही, पानं उलटावी लागतात. दक्षिणेत नोंदी १८०९ पासून, सिसिलीत १८२० पासून, ईशान्येकडच्या व्हेनेतोत सलग अशा १८७१ पासून. त्याआधीचं हवं असेल तर पॅरिशची म्हणजे गावच्या चर्चची रजिस्टरं.

माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे लग्नाच्या नोंदीला जोडलेले कागद, 'अल्लेगाती' म्हणतात. दक्षिणेतल्या जुन्या फायलींमध्ये नवरा-नवरीचे जन्मदाखले असतात, बाप वारलेला असेल तर त्याचा मृत्यूदाखला आणि कधीकधी आजोबांचापण, म्हणजे एका फायलीत तीन पिढ्या! पण नावावर भुलू नका, पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव द्यायची पद्धत होती, त्यामुळे एकाच गावात एकाच नावाचे तीन-चार चुलतभाऊ निघतात. आईचं नाव जुळवाच, बायकांची नोंद माहेरच्या आडनावानेच असते त्यामुळे ते सोपं जातं. जन्मनोंदीच्या कडेला लिहिलेलं पण वाचा, लग्न कुठे कुणाशी झालं ते तिथे सापडतं.

आता नागरिकत्व. पूर्वी मुख्य प्रश्न हा असायचा, पूर्वजाने परदेशी नागरिकत्व घेतलं ते मुलाच्या जन्माआधी की नंतर, पिढ्यांची मर्यादाच नव्हती. २८ मार्च २०२५ च्या वटहुकुमाने आणि मे महिन्यातल्या कायदा क्रमांक ७४ ने ते बदललं. परदेशात जन्मलेल्या, दुसरं नागरिकत्व असलेल्या माणसासाठी आता साधारणपणे आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणाकडे फक्त इटालियन नागरिकत्व असायला हवं, वारले असतील तर मृत्यूच्या वेळी. २७ मार्चपर्यंत अर्ज दाखल झालेल्यांना जुने नियम. म्हणून हे काम दुसऱ्यासाठी करत असाल आणि क्लायंट "पणजोबांवरून पासपोर्ट हवा" म्हणाला तर पैसे घ्यायच्या आधीच हे स्पष्ट सांगा, लोक फार आशेने येतात हो. आजोबांवर केस उभी राहत असेल तर त्यांच्या नॅचरलायझेशनचा म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतल्याचा कागद, किंवा ते झालंच नाही असा दाखला, सगळ्यात आधी मागवा, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) आणि भाषांतराचा खर्च त्यानंतर.