स्पेनच्या हॅब्सबर्ग घराण्याची वंशावळ कशी काढावी

जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ काढण्याचे काम मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत घरोघरी झाले असल्यामुळे, खापरपणजोबापासून खाली रेघा ओढत येण्याची पद्धत आपल्याकडच्या विद्यार्थ्याला वेगळी शिकवावी लागत नाही. मात्र त्या कागदावर केवळ बापलेकांची नावे येतात. स्पेनवर १५१६ ते १७०० या काळात राज्य करणाऱ्या हॅब्सबर्ग घराण्याची वंशावळ तशी काढली, तर पहिला कार्लोस, तीन फिलिप आणि दुसरा कार्लोस अशी पाच नावे एकाखाली एक मिळतात आणि घराणे का खुंटले हे त्यांतून मुळीच कळत नाही. म्हणून प्रत्येक राजाशेजारी राणी आणि राणीचे आईवडील लिहिलेच पाहिजेत.

मोठा कागद आडवा घ्यावा, सर्वांत खाली १६६१ साली जन्मलेल्या दुसऱ्या कार्लोसचे नाव लिहावे आणि तेथून वर चढावे. एक व्यक्ती एकदाच लिहावी, मग रेघा एकमेकींना छेदल्या तरी चालेल. नाती मात्र मराठीतच लिहावीत, कारण ‘अंकल’ या शब्दात मामा आणि काका दोघेही लपतात.

कार्लोसचा पिता चौथा फिलिप याने १६४९ साली मारियानाशी विवाह केला. ती त्याची सख्खी बहीण मारिया आना हिची मुलगी, म्हणजे हा मामा-भाचीचा विवाह. मुळात तिची सोयरीक फिलिपच्या मुलाशी ठरली होती, पण तो १६४६ मध्ये वारला. आता कार्लोसच्या बाजूने पाहावे: त्याची आई त्याची आतेबहीणही ठरते आणि आजी ही आत्याही असते. येथे विद्यार्थ्याचा पेन थांबतो, आणि तो थोडा वेळ थांबू द्यावा. मामा-भाचीची सोयरीक आपल्याकडेही कोठे कोठे ऐकलेली असल्यामुळे ‘त्यात काय एवढे’ असा प्रश्न हमखास येतो; त्याचे उत्तर आणखी वर चढल्यावर मिळते. दुसऱ्या फिलिपनेही १५७० मध्ये बहिणीच्याच मुलीशी, आनाशी, विवाह केला होता, आणि तिसऱ्या फिलिपची राणी मार्गारेट ही त्याची चुलत मावशी होती. अशा प्रत्येक विवाहाला तांबडी रेघ द्यावी. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात कार्लोसचा अंतःप्रजनन गुणांक (आईवडिलांचे रक्ताचे नाते किती जवळचे, याचे माप) ०.२५४ आला, सख्ख्या भावाबहिणीच्या अपत्याचा तो ०.२५ असतो.

तरीही साम्राज्याच्या दुर्बलतेचे सारे खापर रक्तावर फोडू नये. ही चूक मला उत्तरपत्रिकांत सर्वांत जास्त खुपते. कागदाच्या उजव्या कडेला वेगळा रकाना आखून राज्याच्या दिवाळखोरीची १५५७, १५७५, १५९६, १६०७, १६२७ आणि १६४७ ही वर्षे, १६४० मधील पोर्तुगाल व कॅटलोनियाचे उठाव, १६४३ मध्ये रोक्रुआच्या लढाईत फ्रान्सकडून झालेला पराभव आणि १६४८ मध्ये मान्य करावे लागलेले डचांचे स्वातंत्र्य लिहावे. यातील एकही घटना कार्लोसच्या जन्मानंतरची नाही.

शेवटी कार्लोसच्या दोन्ही राण्यांची नावे लिहावीत आणि त्यांच्याखालची जागा रिकामी ठेवावी. १ नोव्हेंबर १७०० रोजी तो निपुत्रिक वारला. मृत्युपत्रात त्याने गादी सावत्र बहीण मारिया तेरेसा हिच्या नातवाला, फ्रान्सच्या बूर्बाँ घराण्यातील फिलिपला, दिली. त्याच्यापर्यंतची रेघ तुटक काढावी आणि तिच्याशेजारी वारसायुद्धाची वर्षे लिहावीत: १७०१ ते १७१४.