मेटलवरचं पॉलिमर कोटिंग सुटतंय? बायोमेडिकल सॅम्पल बनवताना या चुका टाळा

लॅबमध्ये नवीन आलेलं पोरगं दोन-तीन महिन्यांत हमखास येऊन सांगतं की दादा, कोटिंग एकदम मस्त बसलं होतं, टेप टेस्टला ५बी (म्हणजे सगळ्यात चांगला मार्क) आलं, आणि पीबीएसमध्ये (शरीरातल्या द्रवासारखं खारट बफर) ३७ डिग्रीला दोन दिवस ठेवलं तर पापडासारखं फुगून वर आलं. मग पॉलिमरला शिव्या, सप्लायरला शिव्या, आणि दुसऱ्या ग्रेडचं पॉलिमर मागवायचा इंडेंट भरून तयार. अरे थांबा जरा. पॉलिमरचा दोष क्वचित असतो, गडबड असते ती धातू आणि पॉलिमर जिथे चिकटलेत तिथे, आणि कोरडं असेपर्यंत ती कळत नाही, पाणी आत शिरलं की सगळं उघडं पडतं.

म्हणजे पहिली चूक कोरड्या टेस्टवर खूश होण्याची. ती टेप टेस्ट, एएसटीएम डी३३५९, मुळात पेंटसाठीची आहे, कोटिंग ५० मायक्रॉनपेक्षा पातळ असेल तर १ मिलिमीटर अंतरावर ११ उभे ११ आडवे कट मारायचे, टेप लावून ओढायची, काहीच निघालं नाही तर ५बी आणि ६५ टक्क्यांच्या वर निघालं तर ०बी. करा जरूर, पण बॅचमधले अर्धे सॅम्पल कोरडे तपासा आणि उरलेले पीबीएसमध्ये एक दिवस आणि सात दिवस ठेवून, पाणी टिपून घेऊन. पीएलजीए किंवा कायटोसान (शरीरात हळूहळू विरघळणारी पॉलिमर) म्हणजे काही रेनकोट नाही, पाण्याचे रेणू त्यातून आरामात आत जातात, आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडला पॉलिमरपेक्षा पाणी जास्त आवडतं, त्यामुळे नुसत्या हायड्रोजन बॉंडवर टिकलेलं कोटिंग पाणी सरळ ढकलून देतं.

सुटलं तर कुठून सुटलं ते आधी बघा. खालचा धातू स्वच्छ चकचकीत दिसतोय म्हणजे चिकटलंच नव्हतं, प्रॉब्लेम सफाईत किंवा मधल्या थरात. धातूवर पॉलिमरचा पातळ थर उरलाय म्हणजे चिकटलं होतं पण पॉलिमर आतूनच फाटलं, तेव्हा सॉल्व्हंट, जाडी, वाळवणं याकडे बघायचं. डोळ्यांवर भरवसा नसेल तर सेममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) ईडीएक्स काढा, म्हणजे पृष्ठभागावर कुठली मूलद्रव्यं आहेत ते बघा, कार्बनचा पीक आजूबाजूच्या कोऱ्या धातूशी ताडून. आणि बारीक गोल फोड आले असतील, विशेषतः एका बोटाच्या आकारात (हो, खरंच येतात), तर ते खाली राहिलेलं मीठ आहे, ते ऑस्मोसिसने पाणी ओढतं. ग्लोव्हज घाला, चिमट्याने कडेला धरा, शेवटची धुलाई डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याची.

सफाईबद्दल सगळे म्हणतात आम्ही केली. केली म्हणजे काय तर ॲसिटोनमध्ये सोनिकेट (अल्ट्रासाउंडने हलवून साफ) करून टिश्यूवर वाळत टाकलं. ॲसिटोन उडून जातो पण त्यात विरघळलेलं मशिनिंगचं तेल तिथेच गोल डाग करून बसतं, त्यामुळे ॲसिटोनमधून काढलं की वाळू न देता लगेच इथेनॉलमध्ये, मग डीआयमध्ये, प्रत्येकात दहा-पंधरा मिनिटं. वॉश बॉटलमधला ॲसिटोनही वापरू नका, तो प्लास्टिकमधलं काहीबाही घेऊन येतो. साफ झालं की नाही बघायला गोनिओमीटरची (थेंबाचा कोन मोजणारं यंत्र) वाट बघायची गरज नाही, पाणी ओता, पाण्याचा सलग पापुद्रा राहिला तर ठीक, थेंब थेंब तुटले तर परत करा. प्लाझ्मा (विद्युतभारित गॅसने सफाई) असेल तर उत्तमच, फक्त शुक्रवारी प्लाझ्मा मारून सोमवारी कोटिंग करायचं नाही, हवेतले हायड्रोकार्बन परत येऊन बसतात आणि तुम्ही होता तिथेच येता.

ॲसिडच्या बाबतीत सीनियरची एकच रेसिपी सगळ्या धातूंना लावतात आणि इथे खरा घोटाळा होतो. ३१६एल स्टीलला हायड्रोक्लोरिक ॲसिड दिलं की क्लोराइडने पिटिंग (बारीक खड्डे पडणं) सुरू, मग कोटिंग कितीही भारी असू दे, त्याच्या खाली खड्डे वाढत राहतात, त्याला नायट्रिकने पॅसिव्हेट करायचं, म्हणजे गंज रोखणारा ऑक्साइडचा थर आणायचा. टायटॅनियमला एचएफ (हायड्रोफ्लोरिक ॲसिड)-नायट्रिकचं मिश्रण चालतं पण एचएफ एकट्याने हाताळायचं नाही आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (एचएफ लागलं तर लावायचं) हाताशी असल्याशिवाय बाटलीचं झाकणसुद्धा उघडायचं नाही. पिराना सोल्युशनमध्ये (सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड) ॲसिटोन लागलेला सॅम्पल टाकू नका, स्फोट होतो, यात गंमत नाही.

मॅग्नेशियमवर मात्र जरा थांबतो कारण हल्ली हाडांसाठी शरीरात विरघळणारे स्क्रू बनवायचे म्हणून सगळे त्याच्यामागे आहेत. कायटोसान विरघळवायला १ टक्का ॲसेटिक ॲसिड लागतं, आणि त्यात मॅग्नेशियम बुडवला की कोटिंग बसायच्या आधीच धातू विरघळायला लागतो आणि बुडबुडे सुटतात. एक मिलिग्रॅम मॅग्नेशियम गेला की साधारण एक मिलिलिटर हायड्रोजन निघतो, हिशोब करून बघा, तेवढा गॅस दहा मायक्रॉनच्या कोटिंगखाली कुठे मावणार. फोटोत जे सुंदर एकसारखे पोअर्स (छिद्रं) दिसतात आणि थीसिसमध्ये पेशींना चिकटायला उपयोगी म्हणून लिहिले जातात ते बऱ्याचदा हेच बुडबुडे असतात. आधी फ्लोराइड ट्रीटमेंट किंवा प्लाझ्मा इलेक्ट्रोलिटिक ऑक्सिडेशनचा (विजेने धातूवर वाढवलेला ऑक्साइड) थर द्या, किंवा खालचा थर पाणी नसलेल्या सॉल्व्हंटमधल्या पॉलिमरचा घ्या.

आता मधला थर, म्हणजे धातू आणि पॉलिमरला जोडणारा. इंडस्ट्रीलाही तो लागतो बरं का, २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या सायफर स्टेंटमध्ये (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) स्टीलवर आधी पॅरिलीन सी नावाचं पॉलिमर होतं आणि त्याच्यावर औषधवालं पॉलिमर. आपल्याकडे लॅबमध्ये एक तर सिलेन (सिलिकॉनवालं जोडणारं रसायन) नाहीतर पॉलिडोपामिन. सिलेनची चूक एकच, जास्त टाकलं की जास्त चिकटेल असं वाटणं. उलट जाड सिलेन ठिसूळ होतं, आणि एपीटीईएस (नेहमी वापरलं जाणारं सिलेन) ओल्या टोल्युइनमध्ये टाकलं की आपसातच जुळून पांढरी पावडर बसते. एक-दोन टक्के, थोडा वेळ, भरपूर धुणं, ११० डिग्रीला बेक, झालं.

पॉलिडोपामिनची आयडिया दगडाला चिकटणाऱ्या शिंपल्यांवरून आली, आपल्या कोकणात ज्यांना शिनाणे म्हणतात त्यातलाच प्रकार, खडकावरून काढताना कशी कोयती लागते ते माहीत असेल तर पटेल. २००७ मध्ये अमेरिकेतल्या मेसरस्मिथच्या ग्रुपने दाखवलं की लिटरला २ ग्रॅम डोपामिन, १० मिलिमोलर ट्रिस बफर, पीएच ८.५, एवढ्यात २४ तासांत जवळपास कशावरही ५० नॅनोमीटरपर्यंत थर बसतो. सोपं आहे म्हणूनच चुकतं. घट्ट झाकण लावून ठेवतात, पण त्याला ऑक्सिजन लागतो. ट्रिसचा पीएच तापमानाने सरकतो, फ्रिजमधून काढलेल्या बफरचा पीएच मोजून उपयोग नाही. आणि सॅम्पल आडवं ठेवतात, मग द्रावणात तयार झालेले तपकिरी गोळे वरच्या बाजूवर बसतात आणि पुढच्या थरासकट निघतात. सॅम्पल उभं लटकवा.

माझी स्वतःची फजिती पावसाळ्यातली. मे महिन्यात डायक्लोरोमिथेनमधून पीएलजीएचं काचेसारखं पारदर्शक कोटिंग येत होतं, तेच जुलैत दुधाळ पांढरं यायला लागलं आणि मी दोन आठवडे पॉलिमर खराब झालं म्हणून नवीन बाटल्या उघडत बसलो (गाइडचा चेहरा अजून आठवतो). हा सॉल्व्हंट ४० डिग्रीलाच उकळतो, उडताना सॅम्पल थंड करतो, आणि मुंबईच्या दमट हवेतलं पाणी त्या थंड पृष्ठभागावर बारीक थेंब होऊन बसतं, मायक्रोस्कोपखाली मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. उपाय म्हणजे नायट्रोजन सोडलेला बंद बॉक्स, आत आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली, किंवा हळू उडणारा सॉल्व्हंट थोडा मिसळायचा. डिप कोटिंगमध्ये (द्रावणात बुडवून वर काढणं) सॅम्पल जोरात वर ओढलं की थर जाड येतो, हळू ओढलं की पातळ, हे उलटं वाटतं म्हणून पुष्कळजण इथे फसतात. तळाशी लटकलेला थेंब फिल्टर पेपरच्या कडेने टिपून घ्या.

वाळवण्यात घाई केली की आत राहिलेल्या सॉल्व्हंटने टेस्टमधल्या पेशी मरतात आणि मग लिहितात की पॉलिमर टॉक्सिक निघालं. क्लोरोफॉर्मची औषधांमधली मान्य मर्यादा ६० पीपीएम आहे, डायक्लोरोमिथेनची ६००, ॲसिटोनची ५०००, यावरूनच कळतं की ॲसिटोनमध्ये काम होत असेल तर क्लोरोफॉर्मच्या वाटेला जायचं नाही. व्हॅक्यूममध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, एक रात्र पुरत नाही.

स्टरिलायझेशनचा विचार सगळ्यात शेवटी होतो आणि तिथेच सगळी मेहनत पाण्यात जाते. पीएलजीए ४५-५० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, ऑटोक्लेव्हच्या १२१ डिग्रीच्या वाफेत ते वितळून ओघळतं आणि वर तुटतंही. ७० टक्के इथेनॉल आणि यूव्ही हे लॅबचं आवडतं, पण त्याने स्पोअर्स (जिवाणूंची चिवट बीजं) मरतीलच असं नाही, पेशींच्या टेस्टपुरतं चालेल, त्याला स्टराइल म्हणू नका. गॅमा किरण चांगला पर्याय, ट्रॉम्बेला आयसोमेड (वैद्यकीय सामान गॅमाने निर्जंतुक करणारं केंद्र) १९७४ पासून हेच काम करतं, पण नेहमीच्या २५ किलोग्रे डोसने पीएलजीएच्या साखळ्या तुटतात, मॉलिक्युलर वेट खाली येतं आणि कोटिंग ठरवल्यापेक्षा लवकर विरघळतं. त्यामुळे पाण्यात ठेवून केलेली टेप टेस्ट, औषध सुटण्याचा ग्राफ, पेशींची टेस्ट, हे सगळं गॅमा मारून आलेल्या सॅम्पलवर करायचं, आधीच्या नाही, आणि प्रत्येक बॅचमधले दोन सॅम्पल गॅमाला न पाठवता बाजूला ठेवायचे, म्हणजे बिघडलं तर कुठे बिघडलं ते तरी सापडेल.