आरेनालनं वीस मिनिटं दिली, काच मात्र धुरकट

पहाटे साडेपाचला लॉजचं दार उघडलं आणि समोर आरेनाल, पायथ्यापासून माथ्यापर्यंत लख्ख. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकात, ला फोर्तुना गावात आल्यापासून हा ज्वालामुखी ढगात तोंड खुपसून बसला होता. मी धावत कॅमेरा आणला, डोळा लावला, तर आत नुसतं दूध. रात्रभर एसीच्या खोलीत गार पडलेल्या काचेवर बाहेरची दमट हवा पाणी होऊन बसली होती. पुसलं की पुन्हा बसायची. ओढणीचं टोक ओलं झालं, काचेवर रेघोट्या उमटल्या. लेन्स हवेइतकी कोमट व्हायला वीसेक मिनिटं गेली आणि तेवढ्यात कॅरिबियन समुद्राकडून आलेल्या ढगांनी माथा गिळला. पुन्हा तो दिसला नाही.

आता मी एसी लावतच नाही. लावावाच लागला तर कॅमेऱ्याची बॅग बाथरूममध्ये ठेवते किंवा घट्ट बंद पिशवीत घालून तासभर आधी बाहेर काढते. हा धडा मला कोस्टा रिकात, तीन वर्षं साठवलेल्या पैशांनी मिळाला. तुम्हाला फुकट देते आहे.

पावसाळ्यात आंबोलीत मी छायाचित्रणाची शिबिरं घेते. तिथं येणारी मुलं विचारतात, "ताई, कोस्टा रिकाला जायचंय, कुठली लेन्स घेऊ?" लेन्सचा प्रश्न अगदी शेवटचा. आधी आंबोलीत दोन पावसाळे काढा. झाडबेडकाची अंडी पाण्यावर लोंबणाऱ्या पानाला कशी चिकटलेली असतात, टॉर्चच्या उजेडात बेडूक किती वेळ स्थिर बसतो, गुडघाभर चिखलात ट्रायपॉड कसा रोवायचा, हे सगळं मी मलबार ग्लायडिंग फ्रॉगच्या मागे फिरून शिकले. तिकडच्या लाल डोळ्यांच्या झाडबेडकाचीही तीच तऱ्हा: अंडी पाण्यावरच्या पानाला, पिल्लं थेट खाली पाण्यात. गंमत म्हणजे अंड्यांवर सापानं हल्ला केला तर आतली पिल्लं वेळेआधीच अंडं फोडून पाण्यात उड्या टाकतात. हे मला बघायला मिळालं नाही. तासन् तास त्या पानाखाली बसूनसुद्धा.

फरक आहे तो पावसाच्या वेळापत्रकात. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण बहुतेक सगळा चार महिन्यांत. पुढचे आठ महिने कॅमेरा, लेन्स, बूट, माणूस सगळं वाळतं. सारापिकी भागातल्या ला सेल्वा संशोधन केंद्रात पाऊस सुमारे चार हजार मिलिमीटर, म्हणजे आपल्याहून कमी, पण तो वर्षभर पडत राहतो. तिथं काही वाळतच नाही. ओल शोषणारी सिलिका जेलची पाकिटं दोन दिवसांत दमतात. परत आल्यावर तीन महिन्यांनी माझ्या मॅक्रो (अगदी जवळून टिपायच्या) लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली. कोकणातल्या माणसाला हे नवीन नाही, तरी मी गाफील राहिले.

हंगामाचंही नीट बघा. पॅसिफिकच्या बाजूला डिसेंबर ते एप्रिल कोरडं असतं, म्हणून सगळे पर्यटक तेव्हा जातात. कॅरिबियन उतारावर मात्र कोरडा असा ऋतूच नाही. उलट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जेव्हा पॅसिफिकची बाजू धो धो भिजत असते, तेव्हा कॅरिबियन किनारा थोडा उघडतो. देश आकारानं महाराष्ट्राच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढा, एक्कावन्न हजार चौरस किलोमीटर. नकाशावर बघून वाटतं, दहा दिवसांत सगळं उरकू. मी तसंच केलं: दहा दिवस, पाच ठिकाणं. निम्मा वेळ घाटात, गाडीत. ही माझी सगळ्यात मोठी चूक, धुरकट काचेपेक्षाही मोठी. पुन्हा गेले तर दोनच ठिकाणं करीन.

जंगलात उजेड किती कमी असतो याची आधी कल्पना येत नाही. झाडांच्या छतातून जमिनीपर्यंत एक-दोन टक्केच ऊन झिरपतं. भर दुपारी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ६४०० वर नेऊन मी सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागाचा शटरवेग कसाबसा गाठत होते. तरीही लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर काढू नका. तो थोडा उजेड खातो, पण ओल्या पानांवरची पांढरी चकाकी घालवतो आणि हिरवा रंग परत आणतो. तो नसेल तर प्रत्येक पान प्लॅस्टिकचं दिसतं. विषुववृत्तापासून दहाच अंशांवरचा देश असल्यानं सूर्य वर्षभर सव्वापाच ते सहाच्या दरम्यान उगवतो आणि संध्याकाळी साधारण तेवढ्यालाच बुडतो. संधिप्रकाश म्हणून रेंगाळणारं काही नसतं, दिवा मालवल्यासारखा अंधार होतो.

डास पळवायचं औषध हाताला लावून कॅमेरा धरू नका. त्यातलं डीट हे रसायन काही प्रकारचं रबर आणि प्लॅस्टिक विरघळवतं. माझ्या कॅमेऱ्याची मूठ अजून चिकट आहे. त्याच हातांनी बेडकाला शिवलात तर त्याच्या कातडीतून ते त्याच्या अंगात जातं. खरं तर शिवूच नका. काही ठिकाणी पर्यटकांसाठी बेडूक पकडून छानशा पानावर बसवून देतात. पहिल्या आठवड्यात मीही असा एक फोटो काढला. सुरेख आला होता, पण मी तो कुठेच लावलेला नाही. स्पर्धेला पाठवणार असाल तर फोटोखालच्या ओळींमध्ये खरं लिहा: प्राणी रानातला की पाळलेला, खाणं ठेवून बोलावलेला की आपणहून आलेला. राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय ड्रोनही चालत नाही.

लेन्सवर पैसे कमी घाला, वाटाड्यावर जास्त. सारापिकीला मी तीन सकाळी एका स्थानिक वाटाड्याबरोबर फिरले. मला पानांचा ढीग दिसायचा तिथं त्याला स्लॉथ, झाडाला लोंबकळणारा तो संथ प्राणी, दिसायचा. स्पॅनिशमध्ये स्लॉथला 'पेरेसोसो' म्हणतात, म्हणजे आळशी. एका ओढ्याकाठी वाटाड्यानं पान न हलवता खाली वाकायला लावलं. पानाच्या मागे काचबेडूक झोपला होता, पोट आरपार. झोपेत हा प्राणी बहुतेक तांबड्या रक्तपेशी यकृतात दडवतो आणि आणखी पारदर्शक होतो. एवढ्या एका बेडकासाठी मी अख्खा ज्वालामुखी सोडायला तयार झाले असते. कोर्कोवादो उद्यानात तर वाटाड्याशिवाय प्रवेशच नाही.

ज्वालामुखींकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. रात्री लाल ओघळ सोडणाऱ्या आरेनालचे फोटो सगळीकडे दिसतात, ते २०१०च्या आधीचे. तेव्हापासून तो शांत आहे. पोआस या दुसऱ्या ज्वालामुखीचं दार कधी बंद होईल याचा नेम नाही: २०१७च्या उद्रेकानंतर वर्षाहून जास्त काळ बंद होतं, २०२५मध्ये पुन्हा बंद झालं. मी गेले तेव्हा डोक्यावर हेल्मेट, हातात वेळ ठरवलेलं तिकीट आणि कड्यावर वीस मिनिटं. वीसही मिनिटं धुकं. रिओ सेलेस्ते नदीचं निळं पाणी बघायचं तर पाऊस थांबल्यावर दोनेक दिवसांनी जा, नाहीतर नदी चहासारखी दिसते. दोन ओहोळ मिळतात त्या जागी पाण्यातले खनिजकण मोठे होतात आणि निळा प्रकाश विखुरतात. ओंजळीत घेतलं तर पाणी साधंच.

माझा खरा फोटो आरेनालच्या जुन्या लाव्हावर मिळाला. १९६८पूर्वी गावकरी याला 'सेर्रो', म्हणजे डोंगरच म्हणायचे. त्या वर्षी २९ जुलैला तो फुटला, ताबाकोन आणि पुएब्लो नुएव्हो ही गावं गेली, ऐंशीच्या आसपास माणसं मेली. त्या उद्रेकाच्या काळ्या दगडांवर आता शेवाळ, नेचे आणि ऑर्किड उगवलेत. मी कोल्हापूरची, काळ्या कातळावर वाढलेली, त्यामुळे पाय आपोआप तिथं थबकले. दगड मात्र आपल्या जातीचा नाही. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीचा लाव्हा पातळ वरणासारखा दूरवर पसरला, थरावर थर चढले. आरेनालचा घट्ट पिठल्यासारखा, उतारावरच थिजलेला, ओबडधोबड. पाऊस भुरभुरत होता, पॅसिफिकच्या बाजूनं थोडा उजेड होता. एका भेगेतून नेच्याचं एक कोवळं वळलेलं टोक वर आलेलं. पाऊण तास तिथंच बसले.

माझ्या मकाव पोपटांच्या, टूकन पक्ष्यांच्या फोटोंना कुणी विचारलं नाही. तसे हजारो फोटो आधीच विकायला पडलेत. एका दिवाळी अंकानं घेतला तो हा नेच्याचा, सोबत सह्याद्रीवर दोन पानं लिहून मागितली. मानधनात तिथल्या लॉजची एक रात्र निघाली असती. हे सांगते आहे कारण नवीन मुलांना वाटतं, परदेशी फोटो म्हणजे पैसा. माझं घर चालतं ते आंबोलीतल्या शिबिरांवर, होमस्टेवाल्यांना विकलेल्या प्रिंटवर आणि शाळांमधल्या स्लाइड शोवर. कोस्टा रिकामुळे शिबिरांची फी थोडी वाढवता आली, इतकंच. तिथं पहिल्याच फेरीत इतरांना टूरवर न्यायचा विचारही करू नका.

निघण्याआधी दोन कामं करा. विमानतळावर कस्टम्सकडून कॅमेरा-लेन्सच्या क्रमांकांसह एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर परतताना हे सामान तुम्ही बाहेरून आणलं नाही हे पटवत बसावं लागतं. आणि व्हिसाचे नियम वकिलातीत ताजे विचारा. माझ्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता, त्यावर भागलं. खाण्याची चिंता नको, नाश्त्याला 'गाल्यो पिंतो' मिळतो: भात आणि काळा घेवडा परतलेला. शाकाहारी असाल तर घेवडा चरबीत शिजवलाय का, तेवढं विचारा.

पुढच्या सप्टेंबरसाठी पैसे साठवते आहे. बारा दिवस, दोन ठिकाणं, तोच वाटाड्या. खोली बिनएसीची सांगितली आहे.