अमेरिकेतली विद्यार्थी कर्जमाफी: अपंगत्वाच्या दाव्याची सरकारी फाइल कशी सांभाळावी

अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, स्टुडंट लोन घेतलेली व्यक्ती आजारामुळे किंवा अपघातामुळे कायमची काम करण्याच्या स्थितीत राहिली नाही, तर तिचं कर्ज माफ होऊ शकतं. या सवलतीचं नाव टोटल अँड पर्मनंट डिसॅबिलिटी डिस्चार्ज, बोलताना टीपीडी. कोण पात्र, फॉर्म कुठे, ही माहिती सहज सापडते. पण त्या फॉर्मबरोबर आपण सरकारच्या हाती काय काय देतो? सोशल सिक्युरिटी नंबर, निदान, डॉक्टरांचा शेरा, कधीकधी कमाईचा सगळा इतिहास. हे कागद पुढे कोण बघतं आणि त्यात चूक निघाली तर कुणाला धरायचं, याचा विचार घरातल्या धावपळीत मागे पडतो. तो अर्ज करण्याआधीच व्हायला हवा, कारण एकदा सरकारी फाइलीत गेलेली माहिती परत काढून घेणं जवळपास अशक्य असतं.

आधी हे आपल्याला लागू आहे का ते बघा. ही माफी फक्त फेडरल कर्जाला आहे, आणि फेडरल कर्ज मुख्यतः अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतं. विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांनी भारतातल्या बँकेकडून किंवा इथल्या खासगी कंपनीकडून घेतलेलं कर्ज यात बसत नाही. पॅरेंट प्लस कर्जात मात्र अनेकांचा गोंधळ होतो. मुलांच्या शिक्षणासाठी आईने किंवा वडिलांनी ते घेतलं असेल तर कर्जदार त्या आई किंवा वडील, म्हणून अपंगत्वही त्यांचंच धरलं जातं. त्यामुळे साठीला पोचलेल्या मराठी पालकांनीसुद्धा हे पुढचं वाचावं.

हिपाच्या भरवशावर राहू नका

वैद्यकीय माहिती म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी हिपा हा १९९६ चा कायदा येतो. पण तो डॉक्टर, हॉस्पिटल, विमा कंपनी यांना बांधतो. कर्जमाफीचा अर्ज जातो शिक्षण खात्याकडे, आणि शिक्षण खातं काही दवाखाना नव्हे. डॉक्टरांनी सही केलेला कागद खात्यात पोचला की त्याच्यावर राज्य चालतं १९७४ च्या प्रायव्हसी अ‍ॅक्टचं. तुमच्या लेखी संमतीशिवाय तुमची नोंद बाहेर देऊ नये, हा त्याचा मूळ नियम. त्याला १२ अपवाद आहेत, आणि त्यातला 'रूटीन यूज' हा सर्वांत रुंद दरवाजा. कर्जवसुली बघणाऱ्या कंपन्या, इतर सरकारी खाती, कोर्टकचेरी अशांना माहिती कधी देता येईल हे खातं फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे सरकारी राजपत्रात, आधीच छापून ठेवतं. फेडरल कर्जांच्या राष्ट्रीय नोंदवहीची सूचना १८-११-०६ या क्रमांकाखाली सापडते. भाषा रटाळ आहे, तरी 'रूटीन यूज'ची यादी एकदा डोळ्यांखालून घालाच.

कमीत कमी उघड करणारा रस्ता निवडा

अपंगत्व सिद्ध करायचे तीन रस्ते आहेत: माजी सैनिकांसाठी व्हेटरन्स अफेअर्सचा निर्णय, सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे अपंगत्वाचा भत्ता देणाऱ्या सरकारी खात्याचा, निर्णय, आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र. माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या दोहोंपैकी एक उपलब्ध असेल तर डॉक्टरांच्या रस्त्याला जाऊच नका. सोशल सिक्युरिटीने तुमचं अपंगत्व आधीच तपासलेलं असतं. शिक्षण खात्याला त्या निर्णयाचा पुरावा हवा असतो, आजाराचं वर्णन नव्हे.

इथेही एक बारकावा आहे. पुरावा म्हणून अवॉर्ड लेटर, म्हणजे भत्ता मंजूर झाल्याचं पत्र, चालतं, तसंच 'बेनिफिट्स प्लॅनिंग क्वेरी' नावाचा सोशल सिक्युरिटीचा अहवालही चालतो. दुसऱ्यात तुमच्या कामाचा आणि कमाईचा तपशील असतो. पात्रतेसाठी लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे अपंगत्व कधीपासून आणि पुढची तपासणी कधी, अवॉर्ड लेटरमधून स्पष्ट होत असतील तर तेवढंच द्या. होत नसतील तर अहवाल द्यावा लागेल, पण पाठवण्याआधी स्वतः ओळ न् ओळ वाचून.

डॉक्टरांचाच रस्ता उरला असेल तर फॉर्ममधला डॉक्टरांचा भाग नीट समजून घ्या. आजार सलग ६० महिने चालला आहे, किंवा तितका चालेल, किंवा त्यातून मृत्यू संभवतो, आणि त्यामुळे अर्थपूर्ण कमाईचं काम जमत नाही, एवढं त्यांना लिहायचं असतं. १ जुलै २०२३ पासून नर्स प्रॅक्टिशनर, फिजिशियन असिस्टंट आणि स्वतंत्र परवाना असलेले मानसशास्त्रज्ञही सही करू शकतात. त्यामुळे ज्यांना तुमचा आजार खरोखर ठाऊक आहे त्यांच्याकडेच जाता येतं, नव्या डॉक्टरांपुढे पुन्हा सगळं उलगडावं लागत नाही. सहीनंतर ९० दिवसांच्या आत अर्ज पोचला पाहिजे. 'सोबत जोडून देतो' म्हणत दवाखान्याने जुन्या तपासण्यांचा गठ्ठा लावला, तर नम्रपणे परत करा. फॉर्मने मागितलेलं सोडून एकही पान जाऊ देऊ नका. भरलेला फॉर्म आधी तुमच्या हातात घ्या, प्रत काढा आणि मगच पाठवा.

घरच्यांनी मदत करायची तर कागदावर

आपल्याकडे मुलगी किंवा पुतण्या लॅपटॉप घेऊन बसतो, पासवर्ड टाकतो, काम उरकतो. हेतू चांगलाच असतो, पण स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी कर्जाच्या वेबसाइटचा पासवर्ड दुसऱ्याने वापरणं नियमात बसत नाही, आणि पुढे वाद झाला तर 'हे मी केलं नव्हतं' असं म्हणायची सोय राहत नाही. प्रतिनिधी नेमायचा वेगळा फॉर्म आहे, तो भरा. मग त्या व्यक्तीशी खातं अधिकृतपणे बोलू शकतं.

अर्जाला एक पैसाही लागत नाही. फोन करून 'आम्ही कर्ज माफ करून देतो, फी अमुक, पासवर्ड सांगा' म्हणणाऱ्यांना सरळ नकार द्या. अर्ज करणार असल्याचं खात्याला कळवलं की कागद जमवण्यासाठी १२० दिवस वसुली थांबते, तेव्हा घाबरून कुणाच्या गळाला लागायचं कारण नाही.

नावाची चूक

काही जणांना अर्ज करावाच लागत नाही. शिक्षण खातं कर्जदारांची यादी सोशल सिक्युरिटीच्या आणि व्हेटरन्स अफेअर्सच्या नोंदींशी ताडून बघतं. ऑगस्ट २०२१ मध्ये अशा ताळमेळातून ३ लाख २३ हजारांहून अधिक कर्जदारांचं सुमारे ५.८ अब्ज डॉलरचं कर्ज अर्जाशिवाय माफ होणार असल्याचं जाहीर झालं. ज्यांना ही माफी नको असेल, समजा माफ झालेल्या रकमेवर राज्याचा आयकर लागेल म्हणून, त्यांनी पत्रातल्या तारखेच्या आत तसं कळवायचं असतं.

हा ताळमेळ नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबरावर चालतो, आणि मराठी नावं तिथेच अडकतात. कॉलेजात असताना कर्ज कुलकर्णी नावावर, मधलं नाव वडिलांचं. लग्नानंतर सोशल सिक्युरिटीत देशपांडे, मधलं नाव नवऱ्याचं. संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या बायका ठरू शकतात. लोन सर्व्हिसरकडचं, म्हणजे कर्जाचे हप्ते घेणाऱ्या कंपनीकडचं, नाव आणि सोशल सिक्युरिटी कार्डावरचं नाव अक्षरशः सारखं आहे का, हे आजच तपासा. उलट, ताळमेळावर विसंबून तुमच्याविरुद्ध काही करायचं असेल तर प्रायव्हसी कायद्याच्या १९८८ च्या दुरुस्तीनुसार खात्याने माहितीची खातरजमा करायची आणि तुम्हाला आधी नोटीस देऊन म्हणणं मांडू द्यायचं, असं बंधन आहे.

स्वतःची फाइल मागवा

निर्णय काहीही लागो, फाइल मागवाच. भारतात माहिती अधिकाराचा अर्ज केलेल्यांना हे अवघड वाटणार नाही. इथे स्वतःची नोंद मागायची तर प्रायव्हसी अ‍ॅक्ट, सरकारी कारभाराची इतर माहिती मागायची तर १९६६ चा फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन अ‍ॅक्ट. तुमची वैद्यकीय फाइल तिसऱ्याच कुणी त्या कायद्याखाली मागितली, तर वैयक्तिक माहितीचा अपवाद आडवा येतो. प्रायव्हसी अ‍ॅक्टचा हक्क मात्र नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच आहे.

पत्र शिक्षण खात्याच्या प्रायव्हसी विनंत्या घेणाऱ्या कार्यालयाला, इंग्रजीत आणि छोटं. 'माझी फाइल द्या' एवढंच लिहिलंत तर कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता हाती पडेल. मागणी नेमकी करा: टीपीडी अर्ज आणि जोडपत्रं, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, सोशल सिक्युरिटीशी झालेल्या ताळमेळाचा निकाल, मला पाठवलेली सर्व पत्रं, फोनवर बोलताना कर्मचाऱ्यांनी केलेल्या नोंदी, आणि माझी माहिती बाहेर कुणाला, कधी, कशासाठी दिली याचा हिशेब. हा शेवटचा हिशेब ठेवणं कायद्याने खात्यावर बंधनकारक आहे, तरी तो फार थोडे लोक मागतात. पत्रात सध्याचं आणि जुनं नाव, जन्मतारीख लिहा आणि 'खोटं असल्यास शपथभंगाच्या शिक्षेस पात्र' या अर्थाचं सही केलेलं निवेदन जोडा. पैसे घेतलेच तर प्रतींचे घेता येतात, फाइल शोधण्याचे नाहीत.

चूक सापडली तर

अपंगत्वाची तारीख चुकली, दुसऱ्याचा कागद तुमच्या फाइलीत आला, निदान अर्धवट टिपलं, अशा चुकांसाठी दुरुस्तीची लेखी मागणी करा, पुराव्यासह. खात्याने कामाच्या १० दिवसांत पोच द्यायला हवी. नकार आला तर वरच्या पातळीवर फेरविचार मागता येतो, आणि तिथेही नाही म्हटलं तर तुमची हरकत लेखी देऊन फाइलीला जोडून घेता येते. त्यानंतर ती वादातली नोंद ज्याला दिली जाईल त्याच्यापर्यंत तुमची हरकतही गेली पाहिजे.

पण या वाटेने निर्णय फिरत नाही, फक्त तथ्यं सुधारतात. अर्जच नाकारला असेल तर नकाराच्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत नवी माहिती देऊन फेरतपासणी मागा, म्हणजे पुन्हा नवा अर्ज करावा लागत नाही. दोन्ही कामं वेगळ्या पत्रांनी करा. एकाच पत्रात मिसळलीत तर ते कुठल्या टेबलावर पडेल सांगता येत नाही.

माफी मिळाल्यावर

माफीनंतर तीन वर्षं कमाईचे कागद मागायची पद्धत १ जुलै २०२३ पासून बंद झाली आहे. डॉक्टरांच्या किंवा सोशल सिक्युरिटीच्या रस्त्याने माफी मिळाली असेल, तर तीन वर्षांच्या आत नवं फेडरल स्टुडंट लोन किंवा टीच ग्रँट (शिक्षक होणाऱ्यांसाठीचं अनुदान) घेतल्यास जुनं कर्ज पुन्हा मानगुटीवर बसू शकतं. या काळात पत्ता बदलला तर कळवा, नाहीतर आजाराचा उल्लेख असलेली पत्रं जुन्या घरी पोचतील. माफीचं पत्र कायम जपून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी एक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही कंपन्यांचे मोफत क्रेडिट रिपोर्ट काढून कर्जाची बाकी शून्य दिसते का ते बघा. दिसत नसेल तर त्या पत्राची प्रत लावून त्याच कंपनीकडे तक्रार करा. डॉक्टरांचं प्रमाणपत्र त्यांना दाखवायची काही गरज नाही.