होल्स्टची ऋग्वेदातली समूहगीतं कशी ऐकावीत

गुस्ताव होल्स्ट (१८७४–१९३४) या इंग्रज संगीतकाराचं नाव निघालं की लोक ‘द प्लॅनेट्स’ ही ग्रहांवरची वाद्यवृंदरचना सांगतात आणि तिथेच थांबतात. या माणसाने लंडनमध्ये संस्कृतचे धडे घेतले, ऋग्वेदातल्या सूक्तांचं स्वतः इंग्रजी केलं आणि १९०८ ते १९१२ या काळात त्यांची चौदा समूहगीतं चार गटांत रचली. मराठी श्रोत्याने ती ऐकायलाच हवीत.

सुरुवात मात्र ‘द प्लॅनेट्स’च्या शेवटच्या भागापासून, ‘नेपच्यून’पासून करा. त्यात शेजारच्या खोलीतून शब्दांविना स्त्रियांचा आवाज येतो आणि अखेरीस त्या खोलीचं दार हळूहळू लावून घेतात. आवाज कुठे संपला ते नेमकं सांगता येत नाही. होल्स्टला समूहस्वर कसा वापरायचा असतो, हे इथेच कळतं.

मग ऋग्वेदाच्या समूहगीतांकडे, त्यांच्या तिसऱ्या गटाकडे वळा. यात फक्त स्त्रियांचे आवाज आणि हार्प हे तारांचं मोठं वाद्य आहे. उषा, आपः (जल), वेन या वैदिक देवतांची सूक्तं आणि प्रवाशांचं एक गीत. होल्स्टची मुलगी इमोजेन हिने संचालन केलेलं जुनं ध्वनिमुद्रण शोधा. ‘उषे’चं गीत सलग दोनदा ऐका: एकदा नुसत्या आवाजांकडे लक्ष देऊन, दुसऱ्यांदा नुसत्या हार्पकडे.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो, राग शोधू नका. यात भूप नाही, यमन नाही, वेदपठणाचे उदात्त-अनुदात्त हे चढे-उतरे स्वरही नाहीत. ते शोधत बसलात तर हाती निराशाच येईल. होल्स्टने सूक्तांचा अर्थ घेतला आणि इंग्रजी शब्दांवर जिथे जोर पडतो तिथून चाल काढली.

पहिल्या गटातलं ‘टू द अननोन गॉड’ ऐकण्याआधी दहाव्या मंडलातलं हिरण्यगर्भ सूक्त मोठ्याने वाचा. ‘कस्मै देवाय हविषा विधेम’ हा प्रश्न ऋचेमागून ऋचेच्या शेवटी येतो. तो कानात असू द्या आणि मग गाणं लावा. प्रत्येक वेळी प्रश्न परत येताना समूहाचा आवाज चढतो की दबतो, वाद्यं सोबत आहेत की मागे सरली आहेत, एवढंच टिपा. इंग्रजी शब्दांचा कागद समोर ठेवा, कारण समूहगानात शब्द निसटतात.

पुढचा टप्पा ‘सावित्री’, अर्ध्या तासाचा छोटा ऑपेरा. तीन गायक, बारा वादक आणि पुन्हा शब्दांविना गाणाऱ्या स्त्रिया. सुरुवातीला एकही वाद्य नाही. दुरून यमाचा आवाज सावित्रीला हाक मारत येतो. ती गाऊ लागते ते वेगळ्याच स्वरात, आणि दोघांचं जमत नाही ते मुद्दामच. गोष्ट आपल्याला पाठ आहे, त्यामुळे सगळं लक्ष आवाजांकडे देता येतं.

‘मेघदूता’वरचं ‘द क्लाउड मेसेंजर’ हे समूहगान सर्वांत शेवटी ऐका. १९१३ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये ते पडलं. पसरट आहे, हे खरं. पण यक्षाची ओढ काही ठिकाणी फार सुंदर उतरली आहे.

नुसता वाद्यवृंद हवा असेल तर ‘एग्डन हीथ’ (१९२७) घ्या. होल्स्टला स्वतःला ही रचना फार प्रिय होती. ती रात्री हेडफोन लावून ऐका. बराच भाग इतका हळू आहे की पंख्याच्या आवाजातही बुडतो.